खळ

वहीत चिकटवून सूचना आली:
शनिवारी प्रत्येकाने आपल्या घराण्याचा
एक पारंपरिक पदार्थ आणावा,
वीस मुलांना चवीपुरता.
शाकाहारी. तिखट नको. काचेचं भांडं नको.
सोबत माहितीचं कार्ड.

'घराण्याचा' या शब्दाखाली
लावण्यानं हिरव्या पेनानं रेघ मारली
आणि माझ्याकडे पाहिलं,
जणू घराणं माझ्या खिशात असतं
स्कूटरच्या किल्लीसोबत.

आमचं म्हणजे सावजी.
खसखस, सुंठ, दगडफूल, वर बोटभर जवसाचं तेल.
ते पहिल्या दोन अटींतच बाद.
कल्याणी म्हणाली, पाटोडी कर.
पण रश्श्याविना पाटोडी म्हणजे
वरातीविना नवरदेव.
सांबारवडी देवपुजारींची आई आणणार होती,
तिनं ग्रुपवर आधीच जागा धरलेली.
संत्रा बर्फी?
"बाबा, ती बर्डीवरच्या दुकानाची आहे,
आपली नाही."

मग तांडापेठेत पार्बताआत्याला फोन लावला.
आत्या, तुम्ही लहानपणी काय खायचे?
म्हणजे, आपलं असं?
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मागे टीव्हीवर कुणीतरी रडत होतं.
"आपलं काय राहते बाप्पा,
मागाचं उरलं ते आपलं."

सुताला लावायची खळ.
ज्वारीचं पीठ रात्री भिजवायचं,
पहाटे मोठ्या गंजात शिजवायचं,
हात थांबवायचा नाही.
गाठ राहिली की तार तुटते.
आधी ताण्याला, कुंच्यानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मग गंजाच्या बुडाशी जे राहील
त्यात मीठ, ठेचलेला लसूण,
ताक, असलं तर.
"तुह्या बापानं चौथीपर्यंत हेच खाल्लं.
सुताले अन् पोट्ट्याले एकच गंज."
आणि लगेच, आवाज खाली घेऊन:
"शाळेत नको सांगू बरं. लोक हासतीन.
पोरीले शिरा करून दे."

फोन स्पीकरवर होता.

माझा बाप जेवण झालं की
ताटाची कड बोटानं निपटायचा,
गोल, सावकाश, दोनदा.
आम्ही भावंडं त्याची नक्कल करून हसायचो.

शुक्रवारी रात्री पहिली खळ बुडाला लागली.
दुसरीत गाठी.
लावण्या गाळणं घेऊन उभी:
"बाबा, तार तुटेल."
तिसरी जमली. पांढुरकी, चकाकती,
दिसायला काहीच नाही अशी.
फोडणी द्यावी का यावरून
रात्री अकराला आमचं भांडण झालं.
नाही दिली.

कार्डावर तिनं लिहिलं:
नाव : खळ.
साहित्य : ज्वारी, पाणी, मीठ, लसूण, ताक (असलं तर).
वैशिष्ट्य : पहिले सुताला वाढतात.
कल्याणी म्हणाली, ते 'असलं तर' खोड, बरं दिसत नाही.
तिनं खोडलं नाही.

डबा अर्धा परत आला.
कुणाला आवडली?
"हेडाऊला. त्यानं दोनदा घेतली.
त्यांच्याकडे हिला दुसरं काहीतरी म्हणतात,
पण त्याला आठवत नव्हतं."
आणि बाई काय म्हणाल्या?
"म्हणाल्या, हे आंबील का?
मी म्हटलं, नाही मॅडम,
हे कापडाचं आहे."

युनिफॉर्मच्या उजव्या बाहीवर
थोडी सांडली होती,
वाळून पुठ्ठ्यासारखी कडक झालेली.
मी ती भिजत घालणार
तेवढ्यात आत्या आली, ऑटोनं, एकटीच,
शिरा केला का ते पाहायला.

कुणी काही सांगायच्या आत
तिनं बाही चिमटीत धरली,
चष्मा न लावता अंगठा फिरवला
एकदा उभा, एकदा आडवा.

"पातळ झाली रे," ती म्हणाली.
"पाणी जास्त पडलं तुमचं."