अखर्चित

अठ्ठावीस मार्चला, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी
शाळा अनुदान जमा झालं. पाच हजार.
एकतीसला ते परत जाणार, मधे एक रविवार.
गिऱ्हाइकाला सुरमईचे कल्ले दाखवून
मासळी पुन्हा टोपलीत टाकावी, तसं.

आमच्याकडे समितीची सभा भरती बघून लागते.
होड्या खाडीत आल्या की सदस्य येतात,
अंगाला डिझेलचा वास, कोरम पुरा.
इस्माईल सोलकर खिडकीत बसतो,
बाकात त्याचे गुडघे मावत नाहीत.
अध्यक्ष सुलोचना डोर्लेकर. चौथी नापास, ह्याच शाळेतून.
सहीतला रफार अजून 'क'वर देतात,
त्या रफारापायी बँकेने दोनदा चेक परत केला.

"बिल किती लायटीचा?"
सात हजार आठशे चाळीस. मीटर नोव्हेंबरात काढून नेला.
"आन तो कंप्युटर?"
टॉवेलखाली आहे.
"निजू दे त्याला."

पट बारा.
तीस सप्टेंबरला जितकी बसलेली असतील तितकी मुलं,
त्यावर ठरतो शिक्षक, त्यावर अनुदान.
हापूसच्या बागांचे राखणदार नेपाळातून येतात
दिवाळी झाल्यावर, मोहराच्या आधी,
आणि शेवटची पेटी भरली की जातात.
त्यांची पाच पोरं डिसेंबरात माझ्यासमोर असतात.
सप्टेंबरात नसतात.
पोर्टलवर आधार क्रमांकाच्या चौकटीपुढे सरकत नाहीत.
खिचडी मात्र खातात.
तो तांदूळ मी कुठल्या रकान्यातून काढतो विचारू नका.
ऑडिटरनेही विचारलं नाही,
किर्दीत शाई निळी का, एवढंच म्हणाला.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुख घुगे आले, गुणवत्ता बघायला.
"एखादा उतारा वाचा बघू कुणीतरी."
माझी मोजलेली बारा मुलं छताच्या कौलांकडे बघत राहिली.
धनमाया उठली. पुस्तक नव्हतं तिच्याकडे.
टेबलावरचा कागद उचलून वाचायला लागली,
'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की
विहित मुदतीत थकबाकी न भरल्यास'
आणि पुढेही, खालच्या तळटिपेपर्यंत.
अडखळली फक्त 'मुख्याध्यापक'वर.
तिथे मीही अडखळतो.
"छान! पटावर कितवी ही?"
साहेब, पटावर नाही.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
शाळा 'क' श्रेणीत राहिली.

तर, सभा.
मी म्हटलं, निम्मे बिलात भरू, उरलेल्यात खडू, नळाची तोटी.
बाई म्हणाल्या, "दिवसाची लाईट कोणाला लागते?
पोरां लादीवर बसतत थंडीची. बस्करां घ्या. सतरा."
बारा, बाई. पटावर बारा.
"मी पट नाय मोजत, गुर्जी,
बसतात ती बुडां मोजते."
इस्माईल खिडकीतून हसला, त्याचाच अनुमोदक म्हणून नाव लिहिलं.

ठराव क्रमांक चार, सर्वानुमते.
बिल झालं पाच हजार तीन.
वरचे तीन रुपये बाईंनी पदराच्या गाठीतून काढले,
एका नाण्याला खवला चिकटलेला.
ते कुठल्या शीर्षाखाली जमा धरायचे
हे परिपत्रकात नाही, मी तीनदा वाचलं.

पट बारा आणि बस्करं सतरा:
पुढच्या वर्षी कुणीतरी बोट ठेवेल ह्यावर.
तेव्हा मी इथे असेन की नाही कोण जाणे,
आंतरजिल्हा बदलीचा अर्ज तिसऱ्या फेरीत आहे.
हिंगोलीहून आई फोन करते, आलं का रे नाव यादीत?
मी सांगतो, उधाण आहे, लाटांत ऐकू येत नाही.
अष्टमीचं भांगाचं पाणी असतं,
जेटीच्या पायऱ्यांपर्यंतसुद्धा आलेलं नसतं.