कामाटीबागेत, सात ते सव्वाआठ

नियम तिनेच केलेले.
विक्रीकर खात्यातली तेहतीस वर्षं अंगात मुरलेली बाई.
नाणं उडवायचं. छापा पडला तर मी बाजूने बोलायचं,
काटा पडला तर विरुद्ध.
स्वतःचं मत घरी ठेवून यायचं, कडी लावून.
वय हा पुरावा धरला जाणार नाही.
"आमच्या वेळी" म्हटलं की दंड: एक प्लेट शेवउसळ.
आणि दुसरीचं वाक्य कधीही पुरं करायचं नाही,
ती कितीही अडली तरी.

तरी हा तिचा लाडका शब्द.
उसळीवरची नव्हे, वाक्यातली.
"हे सगळं खरं गं," असं म्हणून ती जरा थांबायची,
मला जिंकल्यासारखं वाटू द्यायची,
आणि मग हळूच: "तरी..."

अनसूया दिघे.
दांडियाबाजारातून चालत येते, छत्री टेकत.
त्या छत्रीचं कापड दोनदा बदललंय, दांडा एकदा,
काड्यांचा तर हिशेबच नाही.
मग ही तीच छत्री का?
अख्खा श्रावण भांडलो.
सर आली तेव्हा दोघी भिजलो,
कारण निकाल लागेपर्यंत
ती उघडायला तिची हरकत होती.

एकदा कोकिलाबेननी फाटकापाशी हटकलं,
"अनसूया, नवरी छे के?"
म्हणजे रिकामी आहेस का, इतकंच.
दिघे जाऊन तेव्हा अकरा वर्षं झालेली.
"तुमच्या भाषेत हो," ती म्हणाली,
"माझ्या भाषेत उशीर झाला."
आणि बाकावर बसेपर्यंत एकटीच हसत राहिली.
त्या दिवशी नाण्याची गरज पडली नाही.
एकच शब्द दोन घरी नांदतो,
तर त्याचं माहेर कोणतं,
यातच सव्वाआठ वाजले.

फेब्रुवारीत भाच्याने तिला
अलकापुरीतल्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी.
शंभरातून सात वजा करत चला.
त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी.
मग ती गप्प.
"पुढे?"
"पुढचं माझं वय आहे," ती म्हणाली,
"ते पुरावा म्हणून चालत नाही."
डॉक्टर कागदावरून वर बघेनात.
आता घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.
तिने गोल काढला, मोठा, सुबक,
आत नुसती पानं भरली, बारीक बारीक,
आणि दोन देठ. आकडा एकही नाही.
"आमच्या बागेतलं आहे," म्हणाली.
डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं.
भाच्याने माझ्याकडे पाहिलं,
जणू मी साक्षीदार.

एक तर ती चुकली, किंवा तिने थट्टा केली.
तिसरी वाट नसते.
हेही तिनेच शिकवलेलं, याच बाकावर,
शेंगांची टरफलं दोन ढिगांत वाटून.
मी रात्रभर दोन्ही बाजूंनी बोलले, अंधारात, एकटी.
दोन्ही वेळा मला माझं पटलं.
तरी.

आजचा विषय तिचाच:
ज्या भाषेत आपण कधी भांडलो नाही,
ती आपल्याला येते असं म्हणावं का?
मी नाणं उडवलं. ते गवतात गेलं.
दोघी गुडघ्यांवर. तिचे दुखतात, माझेही,
पण वय चालत नाही.
दवाने हात गार पडले.
माळी पाइप टाकून आला, "शुं खोवायुं, बा?"

ती सांगायला गेली आणि
शब्द आला नाही.
तोंड उघडंच राहिलं. एक चिमणी उडाली, दुसरी उडाली.
शब्द माझ्या जिभेवर होता, दोन्ही भाषांत,
अगदी सोपा, पाच रुपयांचा.
मी ओठ मिटून धरले. नियम म्हणजे नियम.

"निष्कर्ष," ती म्हणाली.

माळ्याने मान हलवली,
आणि तोही वाकून शोधायला लागला.