रूम टोन

सावद्याच्या बाहेर, हायवेला लागून,
केळी पिकवायच्या बंद चेंबरमध्ये आमचा सेट.
भिंती एवढ्या जाड
की ट्रकचा हॉर्न आत येत नाही.
जागा मीच सुचवली होती.
वास मात्र गेला नाही.
मेकअपची पोरगी रोज अगरबत्ती लावते,
तरी हिरवट, गोडसर काहीतरी
वायरींना चिकटून राहतं.

शोचं नाव 'पक्कं सांगतो'.
सहा जण, तीस दिवस,
उद्याच्या मॅचचा सल्ला आज,
एकशे नव्याण्णव रुपयांत.
ज्याचं गिऱ्हाईक तुटेल तो घरी.
घर म्हणजे कुणाचं रावेर, कुणाचं यावल,
फार तर बोदवड.

पहिल्याच आठवड्यात हिरामण सपकाळे गेला.
वीस वर्षं तालुक्याच्या मॅचला अंपायर.
कॅमेऱ्यात बघून म्हणाला,
"चेंडू पडल्याशिवाय मी बोट वर करत नाही."
दिग्दर्शकाने कपाळ धरलं.
ते वाक्य कापलं गेलं.
मी माझ्यापाशी ठेवलंय.

लीलाधर भारंबे टिकला.
आधी तो केळीच्या गाडीवर माल पास करायचा,
अंगठ्याने दाबून:
हा दिल्लीला, हा इथंच, हा गुरांना.
तोच अंगठा आता लेन्ससमोर धरतो
आणि म्हणतो, "पक्कं."
पुण्याहून आलेली माणसं टाळ्या वाजवतात.
याच खोलीत गॅस सोडला
की चार दिवसांत सगळा घड पिवळा होतो,
आतून कसाही असो.

कॉलर माईक सगळ्यांना मीच लावतो.
बटणाच्या आत, छातीवर चिकटपट्टी.
माणसं तासभर सावध असतात,
मग विसरतात.
मग मला ऐकू येतात ढेकरा, देवांची नावं,
रमजान तडवी फोनवर मुलीकडून
सतराचा पाढा म्हणून घेतो,
डिंपल लुंकड नळ सोडून रडते.
आणि संडासात भारंबे, भाच्याशी, हळू:
"आठशे झाले ना?
सम नंबरवाल्यांना पिवळी टीम सांग,
विषमवाल्यांना निळी.
हरतील त्यांचे नंबर उडव,
राह्यलेल्यांचे परत निम्मे निम्मे.
काब्र घाबरतो रे भो,
हरलेला माणूस बोंबलत नाही.
त्याला लाज वाटते."

आठशेचे चारशे.
चारशेचे दोनशे.
तिसऱ्या मॅचनंतर शंभर घरं अशी उरली
जिथं लीलाधर भारंबे कधीच चुकलेला नाही.

त्यातलं एक माझ्या मेहुण्याचं.
फैजपूरहून त्याचा फोन आला, दम लागलेला:
"दाजी, तुमच्या शोतला माणूस खरा आहे हो.
तीनपैकी तीन!
रसवंतीच्या चरकाला ठेवलेले लावतो उद्या.
ताईला बोलू नका."
माझ्या गळ्यात हेडफोन लटकत होते,
त्यातून भारंबेचं घोरणं बारीक येत होतं.
मी म्हणालो, "तुझा आवाज तुटतोय."
तुटत नव्हता.
मला कळतं, तेवढंच तर कळतं.

पॅकअपच्या आधी रोज मी हात वर करतो:
एक मिनिट कुणी हलायचं नाही.
रिकाम्या खोलीचा आवाज घ्यावा लागतो,
नंतर वाक्यांमधली भोकं बुजवायला.
आज सगळे उभे राहिले,
भारंबे डोळे मिटून, हात जोडून,
शाळेच्या प्रार्थनेत असल्यासारखा.
कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं.
बल्बची तार कुणकुणली.
पंचावन्नाव्या सेकंदाला
भारंबेच्या खिशात फोन थरथरला.
त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

मेहुण्याच्या नंबराच्या शेवटी सात आहे.

मी बोलायला तोंड उघडलं
आणि सवयीने म्हणालो,
"शांतता.
परत घेऊ."