काय आलतं

हुबळीहून परतताना बस हिरेबागेवाडीच्या नाक्यावर
अर्धा तास उभी होती.
मी बोटांवर मोजत होतो, नऊ तरी चुकले असतील.
तिथं पेन दारातच काढून घेतलं, घड्याळही,
आणि आईनं मनगटाला बांधलेला सौंदत्तीचा दोरा बघून
त्या बाईनं जरा विचार केला,
मग राहू दे म्हणाली.

पडद्यावर पहिलं पान प्रश्नाचं नव्हतं.
इंग्रजीत चौदा कलमं, खाली एक चौकोन.
इथं पाहिलेलं बाहेर सांगणार नाही,
तोंडी नाही, लेखी नाही, खुणेनं नाही.
बाकीच्यांनी न वाचताच टिचकी मारली.
मी वाचलं. आमच्या भागात सवयच असते
कुठल्या भाषेत कशाखाली सही करतोय ते बघायची.

तिसऱ्या गेटापाशी ईरण्णा उभाच होता,
दोन कप सांगून.
"काय आलतं मारा? सांग की."
त्याची परीक्षा पुढच्या शनिवारी.
फीसाठी त्यानं मोटरसायकल विकली,
आता गणेशपूरहून उद्यमबागेत सायकल मारत येतो.
आणि ज्या हातानं मी प्रोब धरतो
तो हात धरून शिकवलं ईरण्णानंच :
दाबू नको. लोखंडाला गुदगुल्याही नकोत.
तेल लाव, आणि ऐक.

माहीत नाही म्हणालो असतो तर खोटं.
गोत्तिल्ल म्हणालो असतो तरी तेवढंच खोटं.
या गावात खोटं बोलायला दोन भाषा आहेत
आणि त्याला दोन्ही येतात.
"सांगणार नाही असं लिहून दिलंय," म्हणालो.
तो हसला. मग हसायचा थांबला.
"माझ्यापासनं पण?"

पुलाखालून मालगाडी गेली.
आम्ही दोघांनी डबे मोजले, सवयीनं,
आकडा एकमेकांना सांगितला नाही.
चहावर साय धरली.

मला तेव्हा तो व्हॉल्व्ह आठवत होता,
पोत्यावर ठेवलेला, वरून चकचकीत,
कागद बरोबर, शिक्का बरोबर.
सही करणाऱ्याला सगळी उत्तरं पाठ होती.
ईरण्णानं नुसता प्रोब टेकवला
आणि पडद्यावर तळाच्या आधीच एक काटा उठला.
केसाएवढी भेग.
"ह्याला पास कुणी केलं रे?" तोच ओरडला होता,
हात पुसायचं विसरून.
हे त्याला आठवून द्यावं असं वाटलं.
दिलं नाही. चहाचे पैसे त्यानं दिले होते.

रविवारी पुस्तक घेऊन त्याच्या घरी गेलो.
शिवक्कानं भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली,
माझ्याशी बोलली नाही.
पहिल्या पानापासून सुरू केलं.
कुठलंच पान सोडायचं नाही,
कुठल्याच पानावर रेंगाळायचं नाही,
कारण रेंगाळणं म्हणजे सांगणंच.
सारख्या आवाजात वाचणं किती अवघड असतं!
भटजीसुद्धा एखाद्या ओळीला घाई करतात.

एका पानावर
(कुठल्या ते तुम्हालाही सांगणार नाही)
मी जरा जास्तच सरळ वाचलं.
ईरण्णानं मान वर केली.
अठरा वर्षं पोलादाच्या पोटातलं ऐकणारा माणूस,
त्याला माझ्या घशातलं ऐकू आलं नसेल?
दोन श्वास तो बघत राहिला.
मग त्यानंच बोटाला थुंकी लावून पान उलटलं.
"मुंद," म्हणाला. "पुढं चल."

शनिवारी संध्याकाळी तो त्याच बसनं उतरला.
या वेळी दोन कप मी सांगितले होते.
"कसं गेलं?"
एवढंच विचारलं.
त्यानं घोट घेतला, गेटाकडं बघितलं.
"साखर जास्त झालीया," म्हणाला.