बारीक अक्षरं

यित्स्के आजी मंगळवारी येते,
दुकान रिकामं असतं तेव्हा.
हातात नवऱ्याचं भिंग,
तो पोस्टाची तिकिटं जमवायचा,
तो गेल्यापासून भिंग औषधांच्या पट्ट्यांपुरतं उरलेलं.
'ये रे पोरा, तुझे डोळे कोवळे आहेत.
शनिवारी नीन्के येतेय.
जनावराचं काहीच खात नाही ती आता.'

मी इथे शेल्फ भरतो.
बारीक अक्षरं वाचणं पगारात धरलेलं नाही.
तरी बसलो उकिडवा.

हा पाव चालतो : पीठ, पाणी, मीठ, यीस्ट.
शेजारचा नाही. त्यात दुधाची भुकटी,
कशाला घातली देव जाणे.
बटाटे चालतात. वाटाणेही, सूप करताना
सॉसेज तेवढं विसरायचं.
मोहरी, सफरचंदाचा गर, बरणीतली काकडी,
काळी कॉफी.
पावावर भुरभुरायचा काळ्या चॉकलेटचा चुरा चालतो,
तपकिरी नाही.
ज्येष्ठमधाच्या गोळ्यांत जिलेटिन निघालं
तेव्हा तिने पाकीट हलकेच खाली ठेवलं,
जणू आत कुणी झोपलंय.

शेंगदाण्याच्या लोण्याला आमच्याकडे
शेंगदाण्याचं चीज म्हणतात.
'चीज आहे ना हे,' तिने बरणी मागे सारली.
'नावापुरतं, आजी.'
'नावापुरतं!' ती खुदकन हसली,
'आपल्या जुन्या पाद्र्यासारखं.'
दोन बरण्या घेतल्या.

मधापाशी मात्र अडलो.
माशी जनावर की काय, मला ठाऊक नव्हतं.
मांसाच्या काउंटरवरून डाउवे ओरडला,
'चावली की कळेल!'
मध राहिला.

शेवटी ओटच्या दुधाचा खोका.
तिने तो कानाशी हलवून पाहिला.
'ओट आम्ही घोड्याला घालायचो,' म्हणाली,
'आणि दूध...'
मी वाट पाहिली.
फ्रीजची मोटर घरघरत होती.

'एकेचाळीस गाई होत्या आमच्या. प्रत्येकीला नाव.
वासरू पहिल्याच दिवशी वेगळं काढायचं,
सगळेच काढायचे.
आई तीन रात्री हंबरायची.
आम्ही खिडकी लावून घ्यायचो.
चौथ्या रात्री गप्प.
लोक म्हणायचे, विसरली.'

काय बोलावं मला सुचेना.
मी खोक्यावरची तारीख वाचून दाखवली.
नोव्हेंबरपर्यंत चांगलं होतं.

'नीन्केला मी हे कधी सांगितलं नाही,' म्हणाली.
'तिला कुठून कळलं कोण जाणे.'

पैसे देऊन झाल्यावर ती परत वळली,
थंड कपाटातून पाव किलो लोणी काढलं,
माझ्याकडे न बघता.
'हे माझं. नुसता टोस्ट घशाखाली उतरत नाही या वयात.'
वेगळी पिशवी मागितली.
ती पिशवी डाव्या हातात, बाकी सगळं उजव्या,
आणि दार खांद्याने ढकलत
ती कालव्याकडे निघाली.

भिंग काउंटरवरच राहिलं होतं.
मी हाक मारली, पण वारा उलटा होता.