उभं अक्षर

उलानबातरच्या सहाव्या मजल्यावर
नारमंदाख एका चौकटीशी भांडते आहे.
तिच्या लिपीला पाठ असते, पोट असतं, दात असतात,
शेवटी शेपूट;
आणि ती वरून खाली उतरते,
विहिरीत दोर सोडावा तशी.
फोनला हे मंजूर नाही.
चौकटीत शब्द कुशीवर पडतो
आजारी घोड्यासारखा.
धडधाकट घोडा उभ्याउभ्या झोपतो
हे कोड लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

वाचायचं तर फोन आडवा धरायचा.
तसा धरला की पडदाही फिरतो,
मोठ्या अगत्याने,
आणि अक्षर पुन्हा आडवं.

मार्चमध्ये तिने ते उभं केलं होतं.
दोन आठवडे टिकलं.
मग अपडेट आलं.

बाप गोबीत. शेळ्या, दोन उंट, एक सौर पॅनेल.
टाइप करणं त्याला येत नाही,
शिकायचंही नाही.
काल त्याचा फोटो आला:
वादळानंतरचं पॅनेल, त्यावर धुळीचा थर,
धुळीत बोटाने, वरून खाली,
दात, पोट, शेपूट, सगळं जिथल्या तिथे:
तांबड्या शेळीला जुळी झाली.

तिने सिरिलिकमध्ये लिहिलं,
बाबा, पॅनेल पुसा, चार्जिंग होणार नाही.
खाली तीन उत्तरं आपोआप उगवली:
छान! अभिनंदन! ठीक आहे.

तिने फोन पालथा ठेवला.
खिडकीच्या काचेवर हिवाळाभराची कोळशाची काजळी.
बोट टेकवलं, वरून सुरुवात केली.
दुसराच दात वाकडा गेला.