न धरलेला खर्च

दर जानेवारीत, मुदत संपायच्या आठवडाभर आधी,
हेब्डन ब्रिजचा तो छातीवरचा चढ चढून
मी एनिड सटक्लिफबाईंच्या घरी जातो.
पाठीला लॅपटॉप, बुटांना चिखल,
आणि पोटात दर वर्षीची तीच धास्ती:
यंदा पावत्या कशात ठेवल्या असतील?

मागच्या साली बिस्किटांच्या डब्यात होत्या.
त्याच्या आधी एका गमबुटात. डाव्या.

बाहेर सगळं गाव दगडाच्या रंगाचं,
आभाळही त्याच खाणीतून काढल्यासारखं.
आणि दार उघडलं की
(थांबा, मला नीट सांगता येत नाही,
मी आकड्यांचा माणूस)
दार उघडलं की पिवळा अंगावर येतो.
भिंतीवर आठ पिवळे आहेत, शेजारी शेजारी.
कुठला ठेवायचा ते ठरेना म्हणून
बाईंनी सगळेच ठेवले, त्याला अकरा वर्षं झाली.
जिना लाल. कठडा मोरपंखी.
न्हाणीघरातल्या टबात कॅनव्हास उभे;
आंघोळ कुठे करता, हे मी कधी विचारलेलं नाही.

बसायचं तर टेबलाचा कोपरा मोकळा करावा लागतो.
एक वाळलेलं बीट उचलायचं,
मग गिरणीतल्या बॉबिनी, मग काचेचा एक डोळा,
कुणाचा, ते बाईंनाही ठाऊक नाही.
काडेपेटीत एक मेलेली गांधीलमाशी.
"तिच्या पोटावरचा काळा बघ," बाई म्हणतात,
"असा दुकानात मिळत नाही."

मी विचारतो, ही वस्तू धंद्याची की घरगुती?
"फरक काय?"
धंद्याची असेल तर खर्चात धरता येते.
शिवाय घसारा मिळतो. म्हणजे दर वर्षी
वस्तूची किंमत थोडी उतरते, ती वजा करायची.
बाई खिडकीतल्या दुधाच्या निळ्या जगकडे बघतात.
"याचा कान तुटला तेव्हा दूध ओतणं सुटलं याचं.
तेव्हापासून नुसता निळा आहे. पूर्ण वेळ.
दर वर्षी थोडी चढत असेल, तर?"

फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

मग बेरीज तपासायला मी खिशातून पेन्सिल काढली.
एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी.
इचलकरंजीत सायझिंगच्या कारखान्यात
वडील अशाच पेन्सिलीनं सुताच्या नोंदी तपासायचे:
लाल म्हणजे बाकी, निळी म्हणजे चुकती.
घरी वाण्याच्या यादीवरही त्याच खुणा.
आईच्या औषधांच्या कागदावर शेवटी
सगळं लालच होतं.
हे मी बाईंना सांगितलं नाही.

त्यांनी फक्त हात पुढे केला.
चष्मा कपाळावर सरकवला, आणि जिथे लाल संपून
निळा सुरू होतो ती जागा
डोळ्यापाशी धरून कितीतरी वेळ पाहिली.
"इथवर कधी तासून बघितलंयस?"
नाही, म्हटलं. त्याच्या आधीच ती इतकी तोकडी होते
की बोटांत धरवत नाही. मग नवी घेतो.
"हं," बाई म्हणाल्या,
आणि पेन्सिल त्या निळ्या जगमध्ये ठेवून दिली,
ब्रशांच्या, एका मोराच्या पिसाच्या
आणि विणकामाच्या सुईच्या मध्ये.

मी परत मागितली नाही.
बेरीज लॅपटॉपवर केली. बरोबर आली.

निघालो तेव्हा चार वाजले होते, अंधारलं होतं.
उतारावर पाय सटकला म्हणून
कडेच्या दगडी भिंतीला धरलं,
तर हाताला ओलं, मऊ काहीतरी लागलं.
शेवाळ. रस्त्यावरचा दिवा नेमका त्याच्यावर.
एक हिरवा जवळजवळ पिवळा,
एक बाटलीच्या काचेसारखा,
एक, ज्याला माझ्याकडे शब्द नाही.
मी मोजत राहिलो. सवय.
सहाव्यापाशी खाली खोऱ्यात
माझी गाडी सुटल्याचा आवाज आला.